वाचक विचारतात : उजनी हिरवी होते तेव्हा पाण्यात नक्की काय चाललेलं असतं?

मागच्या अंकात सहज लिहिलं होतं की पाण्यातल्या शेवाळाबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, आणि मग जी पत्रं नि व्हॉट्सॲप यायला लागले ते थांबेचनात. निम्म्याहून जास्त एकट्या उजनी धरणावर. त्यामुळे यावेळी सदर उजनीचंच, बाकीच्यांनी रागवू नका, रंकाळावाल्यांचा नंबर पुढच्या वेळी.

प्रश्न : ताई नमस्कार. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याला लागूनच. मार्च लागला की पाणी हिरवं व्हायला लागतं आणि मे महिन्यात तर ऑइलपेंटचा डबा सांडल्यासारखं दिसतं. मुलगी बीएस्सीला आहे, ती म्हणते पाण्यात खत वाढलं की शेवाळाची विविधता कमी होते. मला काही कळेना. शेवाळ तर डोळ्यांदेखत वाढतंय, मग कमी झालं ते काय?

मुलीला माझ्याकडून पैकीच्या पैकी मार्क द्या. घोळ आपल्या शब्दाचा आहे. "शेवाळ" म्हणजे "भाजी" म्हटल्यासारखं झालं, त्यात मेथी पण आली, वांगं पण आलं आणि सुरण पण. भाजी भरपूर आहे असं कुणी म्हटलं आणि घरात बघावं तर नुसतं पोतंभर वांगं, तशी गत.

घाटमाथ्यावरच्या एखाद्या स्वच्छ तळ्यातलं पाणी बारीक जाळीतून गाळून त्याचा एक थेंब मायक्रोस्कोपखाली धरला ना, की तासभर डोळा काढवत नाही. चंद्रकोरीसारखं क्लोस्टेरियम, चांदणीसारखं स्टॉरास्ट्रम, बारक्या दातेरी चक्रासारखं पेडिअॅस्ट्रम, काचेच्या नावेसारख्या डायटम (त्यांचं कवच खरंच काचेच्या जातीचं असतं, सिलिकाचं), शिंगं असलेलं सेरॅशियम, मधूनच एखादा सोनेरी पुंजका गिरक्या घेत जातो. आणि गंमत म्हणजे वरून बघितलं तर ते पाणी नितळ, त्यात काही आहे असं वाटतच नाही. आता तुमच्या मे महिन्यातल्या हिरव्या पाण्याचा थेंब घ्या. साबुदाण्याच्या खिचडीसारखे चिकट गोळे, गोळ्यात शेकडो बारीक ठिपके, बाजूला सरकवलं की पुढे परत तेच, त्याच्यापुढे परत तेच. हे बहुतेक वेळा मायक्रोसिस्टिस असतं. खरं तर ते शेवाळही नव्हे, बॅक्टेरिया आहे, निळंहिरवं शेवाळ म्हणतो आपण त्याला, पण हिरवं आहे आणि उन्हावर जगतं म्हणून शेवाळाच्याच पंगतीत बसवलंय.

असं का होतं ते तुम्हाला शेतावरून लगेच कळेल. तुमच्याकडचा माळ आठवा, मुरमाड, खत नाही पाणी नाही, पण पावसाळ्यात तिथे कुसळी असते, पवन्या असतो, मारवेल असतो, मधे मधे तरवड आणि नाव माहीत नसलेली वीसेक बारकी फुलं. कारण तिथे प्रत्येकाची अडचण वेगळी आहे, एकाला नत्र (नायट्रोजन) पुरत नाही, दुसऱ्याला स्फुरद (फॉस्फरस), तिसऱ्याला ओल, आणि त्यामुळे कोणीच एकटा माजत नाही. त्याच माळावर पाइपलाइन आणली, खताची पोती ओतली आणि ऊस लावला, तर दोन वर्षांनी उसाखाली काय उगवतं? काही नाही. कारण आता खायला सगळ्यांना भरपूर आहे, मारामारी फक्त उन्हासाठी उरली, आणि उन्हाच्या मारामारीत जो सगळ्यात उंच तोच जिंकतो.

पाण्यात अगदी हेच होतं. स्वच्छ पाण्यात एकाच थेंबात इतक्या जाती एकत्र कशा नांदतात हा प्रश्न हचिन्सन नावाच्या शास्त्रज्ञाने १९६१ साली मांडला, आणि त्यावर अजून लोक लिहितायत, पण उत्तराचा एक मोठा भाग असा की टंचाई वेगवेगळ्या गोष्टींची असते म्हणून जागा वेगवेगळ्यांना मिळते. सांडपाणी आलं की टंचाई संपते. मग उरतं ऊन, आणि पाण्यात "उंच" होणं म्हणजे वर तरंगणं. मायक्रोसिस्टिसच्या पेशीत हवेच्या बारीक बारीक कुप्या असतात, म्हणून ते वर येऊन छत्री धरल्यासारखं बसतं आणि खालच्या सगळ्यांचं ऊन बंद. दिवसभर ऊन खाऊन पेशीत साखर साठली की ते जड होऊन थोडं खाली जातं, रात्री ती साखर वापरून संपली की परत वर. म्हणून तर सकाळी सकाळी वारा नसताना काठावर साय सगळ्यात जाड दिसते, तुम्ही बघितलंच असेल.

डायटमचं दुखणं अजून वेगळं. त्यांना कवचासाठी सिलिका लागते, ती डोंगराचा खडक झिजून येते, संडास-बाथरूममधून नाही येत. म्हणजे शहर वाढलं की पाण्यातलं नत्र वाढलं, स्फुरद वाढलं, पण सिलिका होती तेवढीच, त्यात धरणात पाणी थांबल्यावर ती पण तळाशी बसते. डायटम मागे पडतात. आता हे तुम्हाला कशाला सांगतेय, तर पाण्यातले बारीक जीव आणि माशांची पिल्लं डायटम आवडीने खातात, मायक्रोसिस्टिसचे चिकट गोळे मात्र त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या तोंडात मावत पण नाहीत. म्हणजे ताट भरलेलं आणि पोट रिकामं.

दोन गोष्टी मुलीसाठी, परीक्षेत लिहायला. एक, खताचा पहिला थोडासा डोस पडला तर विविधता आधी थोडी वाढते सुद्धा, कोसळते ती नंतर, त्यामुळे "खत आलं की जाती कमी" हे सरळ रेषेत नाही जात. दुसरं, नुसती जातींची यादी मोजून फसायला होतं. हिरव्या पाण्यात पण शोधलं तर चाळीस नावं सापडतील, पण शंभर पेशी मोजल्या तर नव्वद एकाचीच. यादी लांब, राज्य एकाचं. म्हणून शॅनन इंडेक्स वगैरे काढतात, त्यात किती जाती आणि वाटणी किती सारखी दोन्ही धरतात.

प्रश्न : सगळे म्हणतात शेतकऱ्यांच्या युरिया-डीएपीने पाणी खराब झालं. खरं सांगा ताई, दोष आमचा का पुण्याचा? – करमाळा तालुक्यातून एक ऊस उत्पादक

दादा, दोघांचा, पण सारखा नाही, आणि वेळ पण वेगळी.

हिशोबच करून बघू. एक माणूस दिवसाला मलमूत्रातून साधारण दीड ग्रॅम फॉस्फरस बाहेर टाकतो (धुण्याची पावडर धरलीच नाही). २०११ च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्ही महापालिका मिळून ४८ लाखांच्या वर लोक होते, आता किती असतील ते तुम्हीच बघा. जुनेच ४८ लाख धरले तरी दिवसाला सात टन फॉस्फरस झाला. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात शुद्ध फॉस्फरस दहा किलो. म्हणजे रोज सातशे पोती डीएपी, बाराही महिने, रविवार सुट्टी नाही. यातलं सगळं उजनीत पोचत नाही, काही प्रक्रिया केंद्रात अडकतं, काही वाटेत गाळात बसतं. पण साध्या मैला-प्रक्रिया केंद्राचं काम मुळात पाण्यातली घाण कुजवून ऑक्सिजनची मागणी कमी करायची हे आहे, फॉस्फरस काढायला वेगळी सोय लागते, ती नसेल तर पाणी दिसायला बरं होतं पण त्यातलं खत बरंचसं तसंच पुढे जातं. पवना दापोडीला मुळेत येते, मुळा-मुठा पुण्यात संगमाला भेटतात, पुढे रांजणगाव सांडसला भीमेत, इंद्रायणी त्याआधी तुळापूरला. सगळ्या वाटा शेवटी तुमच्याच दारात.

शेतातलं खत मुख्यतः पावसाबरोबर येतं. युरियाचं नत्र पाण्यात विरघळून जातं, डीएपीचं स्फुरद मातीला धरून बसतं आणि माती वाहिली की मातीबरोबर जातं. पण तेव्हा धरणात पाणीही मोकळं असतं, पूर येतो, दारं उघडतात, बरंचसं धुऊन निघतं. सांडपाणी मात्र मे महिन्यात सुद्धा येतं, जेव्हा उजनी मायनसमध्ये गेलेली असते, म्हणजे वापरायचा साठा संपून पाणी मृतसाठ्यात उतरलेलं असतं. उजनीत एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं आणि त्यातलं ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा. म्हणजे जानेवारीपासून धरण उतरत जातं, उरलेलं पाणी उथळ नि कोमट, खत तेच, आणि तळाच्या गाळाजवळ ऑक्सिजन संपला की गाळात लोखंडाला चिकटलेलं जुनं स्फुरद पण सुटून वर येतं. जुनं पळसदेवचं देऊळ पाण्याबाहेर आलं म्हणून लोक फोटो काढायला जातात ना, ते दिवस मायक्रोसिस्टिसची दिवाळी.

आणि नत्र का स्फुरद या भांडणाचं एक झकास उत्तर कॅनडात मिळालंय. ओंटारियोतल्या एका तलावाला, नंबर २२६, डेव्हिड शिंडलर आणि मंडळींनी १९७३ मध्ये मधोमध प्लास्टिकचा पडदा लावला. दोन्ही बाजूंना कार्बन आणि नत्र टाकलं, फॉस्फरस फक्त एका बाजूला. विमानातून काढलेल्या फोटोत एक बाजू गडद निळी, एक बाजू हिरवीगार. कारण काही निळीहिरवी शेवाळं नत्र हवेतून ओढू शकतात, आपल्या हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठी करतात तसंच. स्फुरद हवेतून येत नाही. आता नत्र अगदीच निर्दोष असं मी म्हणणार नाही, मायक्रोसिस्टिसला स्वतःला हवेतलं नत्र ओढता येत नाही, त्याला ते आयतंच लागतं, त्यामुळे दोन्ही कमी करावं लागतं. तुम्ही माती वाहू न देणं आणि माती परीक्षण करून मगच डीएपी टाकणं एवढं केलंत तरी खूप झालं. उरलेली सातशे पोती तुमच्या हातात नाहीत.

प्रश्न : आम्ही सोलापूरकर. नळाला कधी कधी मातकट, कुबट वास येतो. पाणी उकळून पितो, तेवढं पुरेल का? आमचे हे म्हणतात टाकीत चिमूटभर मोरचूद टाकला की शेवाळ मरतं.

काकू, आधी काकांच्या हातातून मोरचूद काढून घ्या.

मोरचुदाने शेवाळ मरतं हे खरं. पण ते मरताना पेशी फुटते आणि पेशीत जे काही विष असेल ते पाण्यात मोकळं होतं. ऑस्ट्रेलियात पाम आयलंड नावाच्या बेटावर १९७९ साली धरणातल्या शेवाळावर हाच उपाय केला होता, पाण्याला वास येतो अशी लोकांची तक्रार होती म्हणूनच, आणि त्यानंतर १४८ माणसं आजारी पडली, त्यात बहुतेक लहान मुलं. यकृताला सूज, उलट्या. कितीतरी दिवस कळेचना काय झालं ते.

उकळण्याने जंतू मरतात, जुलाब-कावीळ यासाठी ते कराच. पण मायक्रोसिस्टिसचं विष, मायक्रोसिस्टिन, उकळून जात नाही, उलट पाणी आटलं तर तेवढ्याच विषाला पाणी कमी. अमेरिकेत टोलेडो गावात ऑगस्ट २०१४ मध्ये लेक इरीचं पाणी असंच हिरवं झालं आणि जवळपास पाच लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, आणि मुद्दाम उकळू पण नका, असं सांगावं लागलं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा एका लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे, यावरून अंदाज घ्या किती कमी लागतं ते. आणि हे सगळ्यात भयंकर ठरतं डायलिसिसच्या पेशंटना, कारण तिथे पाण्याचा रक्ताशी थेट संबंध येतो. ब्राझीलमध्ये कारुआरू गावात १९९६ साली एका डायलिसिस केंद्रात अशाच पाण्याने पन्नासहून जास्त पेशंट गेले.

आता घाबरून नळच बंद करू नका. वास आणि विष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो मातकट वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो, पहिल्या पावसात जमिनीतून जो वास येतो आणि ज्यावर आपण सगळे कविता करतो ना, तोच पदार्थ, आणि तो विषारी नाही. वास आला म्हणजे विष असेलच असं नाही, आणि उलट पण खरं, वास नाही म्हणून विष नसेल असंही नाही. जलशुद्धीकरण केंद्रात नीट काम झालं तर तुरटीने अख्ख्या पेशी न फुटता खाली बसतात आणि मग गाळून क्लोरीन देतात, हा क्रम महत्त्वाचा, आधीच क्लोरीन मारलं तर पेशी फुटल्याच. घरी पाणी हिरवट दिसलंच तर तुरटी फिरवून चार तास ठेवा, वरचं पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात घ्या, खालचा साका ढवळू नका आणि रात्रभर ठेवू पण नका. विरघळलेलं विष मात्र तुरटीने जात नाही, त्याला चांगला कार्बन फिल्टर किंवा आरओ लागतो. घरात कुणी डायलिसिसवर असेल तर केंद्रात पाण्यावर काय प्रक्रिया होते हे विचारायला लाजू नका.

प्रश्न : जलपर्णी म्हणजे शेवाळच ना?

नाही हो. जलपर्णीला मुळं, पानं, जांभळी फुलं असतात, ती रीतसर झाड आहे, बाहेरून आलेलं. खाऊ मात्र दोघांचा एकच. नदीत ती सांडपाण्यावर पोसते, पावसात लोंढ्याने वाहून खाली येते आणि कुजली की तिच्यातलं खत परत पाण्यात.

प्रश्न : मी भिगवणकडे मासेमारी करतो. उन्हाळ्यात एखाद्या दिवशी पहाटे मासे पाण्यावर येऊन तोंड वासतात, काही मरतात पण. दुपारी बघावं तर सगळं नॉर्मल. कुणी विष टाकतं का?

बहुतेक वेळा नाही टाकत. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री आपल्यासारखाच श्वास घेतं. दाट शेवाळ असलं की रात्रभरात पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि सूर्य उगवायच्या आधी पाणी अगदी कोरडं पडल्यासारखं होतं, मासा वर येणार नाहीतर काय. दोन दिवस ढगाळ गेले तर जास्तच, आणि सगळ्यात वाईट म्हणजे शेवाळ एकदम मेलं की, ते कुजायला पण ऑक्सिजन लागतो. चिलापी तग धरते, बाकीचे आधी जातात. तुमच्या जाळ्यात चिलापीच का जास्त येते याचं एक कारण यात पण आहे. मेलेला मासा विकू नका, आणि हिरव्या पाण्यातला जिवंत मासा खायचा तर आतडी आणि काळीज (यकृत) पूर्ण काढून टाका, विष मुख्यतः तिथे साठतं.

प्रश्न : हे कधी मागे फिरतं का, का आता असंच चालायचं?

फिरतं. सिएटलजवळच्या लेक वॉशिंग्टनमध्ये चारी बाजूंनी गावांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी यायचं, १९५५ साली एडमंडसन नावाच्या प्राध्यापकांना तिथे ऑसिलॅटोरिया रुबेसेन्स नावाचं निळंहिरवं शेवाळ दिसलं, ते दिसताच त्यांनी ओळखलं की तलाव बिघडतोय, कारण युरोपातल्या तलावांचं तसंच झालं होतं. लोकांनी मतदान करून पैसे उभे केले, १९६३ ते १९६८ मध्ये सगळं सांडपाणी वळवलं. तेव्हा पाण्यात पांढरी तबकडी सोडली तर १ मीटरच्या आसपास दिसेनाशी व्हायची, सत्तरच्या दशकाच्या शेवटी ती ६-७ मीटर खोल दिसायला लागली आणि ऑसिलॅटोरियाचं राज्य गेलं. आता उजनीचं इतकं लवकर होईल असं मला वाटत नाही, तो तलाव खोल आणि ही पसरट, त्यात तळाला ४० वर्षांचा गाळ, नळ बंद केला तरी गाळ काही वर्षं खत सोडत राहणार. पण दरवर्षी पावसाळ्यात नवं पाणी येऊन धुलाई होते ही आपली जमेची बाजू आहे, लेक वॉशिंग्टनला अशी पुराची धुलाई नव्हती.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मायक्रोस्कोप नाही, मुलांना काही करून दाखवता येईल का?

येईल की बाई, आणि फुकटात. काठावर आधी काडी घालून बघा. लांब केसांसारखं लोंबलं तर ते साधं धाग्याचं हिरवं शेवाळ. काडीला रंग लावल्यासारखा लेप बसला तर निळंहिरवं असण्याची शक्यता. मग तेच पाणी पारदर्शक बाटलीत पाऊणच भरा, गॅस धरायला जागा हवी, आणि न हलवता रात्रभर ठेवा. सकाळी हिरवं तळाला बसलं असेल तर बहुतेक साधी शेवाळं, वर कडं धरलं असेल तर तरंगणारी निळीहिरवी. डिसेंबरात एकदा, मेमध्ये एकदा अशा दोन बाटल्यांचे फोटो भिंतीवर शेजारी शेजारी लावा, मुलं आपोआप प्रश्न विचारतील. हातमोजे घालायला लावा, मुलांना पाण्यात उतरवू नका, त्या पाण्याने अंगाला खाज सुटते.

कॉलेजात ओळखीचं कुणी असेल तर मायक्रोस्कोप मिळवून एकदा पामरचा इंडेक्स पण करा. १९६९ मध्ये पामर यांनी शेवाळांना घाण सोसण्याचे मार्क दिले, युग्लिना आणि ऑसिलॅटोरियाला पाच पाच, सिनेडेस्मसला चार, नाविक्युलाला तीन असे, सापडलेल्यांची बेरीज २० किंवा वर गेली की पाण्यात सांडपाण्याची घाण भरपूर. मुलांना मार्कांची भाषा लगेच कळते.

रात्रभर ठेवायची ती बाटली फ्रिजमध्ये ठेवली तर उत्तम, पण वर मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवा. आमच्या सासूबाईंनी एकदा माझी बाटली पुदिन्याचं पाणी समजून पाणीपुरीसाठी बाहेर काढली होती, चमचा बुडवायच्या आत मी पोचले म्हणून.